तपासणीच्या दिवशी आमची मुलं गोठ्यात होती

"मावशी, मॅडमना पाणी आणा."

हे विक्रमने मला म्हटलं. पाळणाघराच्या दारात, सगळ्यांसमोर. या विक्रमला मी पाचवीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकवलं. गुरुपौर्णिमेला तो चारचौघांत माझ्या पाया पडला होता आणि शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. तेव्हा मी मॅडम होते. तपासणीच्या दिवशी मॅडम म्हणजे खुर्चीत बसलेली, बीडहून तपासणीला आलेली अधिकारी. मी मावशी. शाळेत, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईला आपल्याकडे मावशी म्हणतात. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं, माझी जागा कुठे ठरवली ते.

मी पाणी आणलं. हेही लिहून ठेवते.

ईशान, मीरा, तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, तुझं पाळणाघर का बंद झालं? तुमच्या बाबांनी सांगितलं, लायसन्सचा काहीतरी घोळ झाला. घोळ नव्हता. क्रमाने सांगते.

आपला शिरूर कासार तालुका कोरडा. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला निघतात. ट्रकमध्ये भांडी, शेळ्या, सरपण, माणसं, सगळं एकत्र. नवरा-बायको मिळून जी जोडी तोडायला जाते तिला 'कोयता' म्हणतात. माणसं मोजायची ती हत्याराच्या नावाने. अगदी तान्ही मुलं आईबरोबर उसाच्या फडात जातात. त्याहून थोडी मोठी आज्यांजवळ राहतात. पण आज्यांनाही कापूस वेचायला जावं लागतं. मग मुलं कुठे? म्हणून निवृत्त झाल्यावर मी माझ्या ओसरीत ती सांभाळायला लागले. सुमन नावाची एक बाई मदतीला होती.

आया निघताना नेसणीतलं एक जुनं लुगडं मुलासाठी ठेवून जातात. मुद्दाम न धुता. त्याचीच आम्ही झोळी बांधायचो. आईचा वास असला की मूल निजतं. मी टापटिपीची बाई, तुम्हाला माहीत आहे. भांडी उकळून घ्यायची, नखं कापायची, फरशी रोज फिनेलने पुसायची. पण ती लुगडी मी फक्त उन्हात टाकायचे. वास गेला की मुलाची झोप जाते, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मग सरकारची योजना आली. पाळणाघराला परवानगी, परवानगी असेल तर अनुदान. नियमांचं पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं. खरं सांगते, मला ते आवडलं. मुलाला पुरेशी जागा हवी, भोवती कुंपण हवं, औषधांची पेटी हवी, गरम जेवण हवं, प्रत्येकाला वेगळं अंथरूण हवं. वाटलं, कुणीतरी कुठेतरी बसून आमच्या मुलांचा विचार केला आहे.

फक्त परवानगी एकट्या बाईला मिळत नव्हती. नोंदणी झालेली संस्था हवी. विक्रमकडे आजोबांपासूनची संस्था होती. तो घरी आला, खाली चटईवर बसला.

"काम तुमचं, नाव संस्थेचं. मॅडम, मी असताना तुम्ही कशाला फिरता?"

अर्ज मी लिहिला. त्याने सही केली. आम्ही ओसरीतून संस्थेच्या जुन्या खोल्यांत गेलो.

परवानगी आली, अनुदान आलं. कुंपण आलं नाही. पाळणे आले नाहीत. डाळ-तांदूळ कधी यायचे, कधी नाही. विचारलं की, "होतंय मॅडम, फाईल फिरतीय." मी विश्वास ठेवला. मी शिकवलेला मुलगा होता.

तपासणीच्या सकाळी त्याची दोन माणसं आली. झोळीत मुलं निजली होती. त्यांना उचलून फरशीवर ठेवलं आणि झोळ्या सोडायला लागले.

"भैयानं सांगितलंय. हे फडके दिसले न्हाई पायजेत. नियमात बसत न्हाई."

मी आडवी गेले. "अरे, ही यांच्या आयांची लुगडी आहेत."

एकजण हसला. "मंग आयांना म्हणावं दुसरी धाडा. तिकडं पगार हाय की."

सगळी लुगडी त्यांनी मागच्या उकिरड्यावर नेऊन पेटवली. आरू नावाची आमची दीड वर्षाची मुलगी दारात बसून त्या धुराकडे बघत होती. तिची आई कऱ्हाडकडे गेली होती. कारखाना बंद होईपर्यंत येणार नव्हती.

मग विक्रम आला. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एक तासाचा प्रश्न आहे. मुलांना मागच्या गोठ्यात बसवा. असली मुलं बघितली तर परवानगी जाईल. मग ही रस्त्यावर येतील. बघा, तुम्हीच ठरवा."

मी सुमनला खूण केली. मुलांना जागा राहावी म्हणून. सुमन त्यांना घेऊन गोठ्यात गेली.

थोड्या वेळाने विक्रमच्या इंग्रजी शाळेची गाडी आली. तीतून इस्त्रीचे कपडे घातलेली, पावडर लावलेली मुलं उतरली. मागून प्लास्टिकचे निळे पाळणे उतरले. त्यांच्यावरचं वेष्टनसुद्धा काढलं नव्हतं.

अधिकारी बाईंनी एका मुलाला जवळ घेतलं. "बाळा, तुझी आई कुठे गेली?"

"ऊस तोडायला." मग त्याने मागे वळून बघितलं. "मिस, बरोबर ना?"

शेजारची मुलगी म्हणाली, "ए खोटारड्या, तुझी आई तर पार्लरला गेलीय."

सगळे हसले. अधिकारी बाईसुद्धा हसल्या. त्यांना कळलं होतं. कळूनही त्या पुढच्या पानावर गेल्या. नियमांच्या पुस्तकावरचा माझा सगळा विश्वास तिथल्या तिथे उडाला.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. या कोण? विक्रम इंग्रजीत म्हणाला की ही गावातली बाई आहे, हिला काही प्रशिक्षण नाही, पण आम्ही चालवून घेतो.

वाक्य अचूक होतं. क्रियापद जागेवर, उच्चार स्वच्छ. ते उच्चार त्याच्याकडून मी घोटून घेतले होते.

माझे वडील त्याच्या आजोबांच्या शाळेत शिपाई होते. मास्तरांना पाणी द्यायचे. ते स्वतः मात्र गड्याच्या वेगळ्या गडव्याने प्यायचे. मला वाटायचं, मी इंग्रजी शिकले म्हणजे त्या गडव्यापासून दूर आले. कुठे आले होते? त्याच आजोबांच्या नातवाने एका शब्दात मला परत तिथे नेऊन उभं केलं, आणि मी निमूट पेला भरला होता.

तेवढ्यात गोठ्यातून आरू रडायला लागली. निजायची वेळ झाली होती आणि झोळी नव्हती.

"कोण रडतंय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"शेजारचं असेल कुणाचं," विक्रम म्हणाला.

"शेजारचं नाही," मी म्हणाले. "आपल्या पाळणाघरातलं आहे. खरी मुलं गोठ्यात बसवली आहेत. ही समोरची मुलं या पाळण्यांसारखीच आजच्यापुरती आणली आहेत. या माझ्याबरोबर, दाखवते."

इंग्रजीत बोलता आलं असतं. नाही बोलले. गोठ्यातल्या सुमनला ऐकू जायला हवं होतं, आणि कळायलाही.

विक्रम मध्ये आला. "मॅडम, काय बोलताय तुम्ही?"

आता पुन्हा मॅडम.

अधिकारी बाईंना मी हाताला धरून गोठ्यात नेलं. शेणात बसलेली मुलं त्यांनी बघितली. आरूला मी कडेवर घेतलं.  बाईंनी पदर नाकाला लावला आणि लिहीत राहिल्या.

मला वाटलं, न्याय झाला.

आठवडाभरात आदेश आला. मुलं अयोग्य जागी ठेवल्याचे आढळले, सबब परवानगी स्थगित, पाळणाघर बंद. मुलं तिथे कुणी ठेवली, यावर एक ओळ नाही. त्या दिवसापुरत्या आणलेल्या मुलांवर नाही. जळालेल्या लुगड्यांवर नाही. खोल्यांना कुलूप लागलं. विक्रमच्या इंग्रजी शाळेला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी आरूची आजी माझ्या दारात आली. काशीबाई. आरू तिच्या काखेत.

"बाई, खरं बोललात, लई भारी केलंत. आता हिला कुटं ठिवू? कापूस येचाय जाऊ का न्हाई जाऊ?"

"काशीबाई, मी..."

"तुमी गप ऱ्हायला पायजे होतं. आमाला काय, गोठा तर गोठा. लेकरू सावलीला तर व्हतं."

  मी हात पुढे केले, तिने आरूला माझ्याकडे दिलं आणि पाठ फिरवून शेताकडे गेली. संध्याकाळपर्यंत बाकीच्या आज्याही आल्या.

आता मुलं पुन्हा माझ्या ओसरीत आहेत. सुमनही आहे. माझ्या स्वतःच्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आहेत. आरू त्यात निजत नाही. मांडीवर घेऊन बसावं लागतं.

बीडला सुनावणी लागली आहे. विक्रमने माणूस पाठवला होता. मुलं खेळायला म्हणून मागे नेली होती, एवढं लिहून द्या. परवानगी परत मिळेल. बोर्डावर मॅडमचं नाव लावू, मानद संचालिका म्हणून. आणि नाही लिहून दिलं, तर विनापरवाना मुलं ठेवल्याची तक्रार जाईल. माझ्याच नावाने.

मी त्या माणसाला म्हटलं, "जाऊन सांग, तक्रार स्वतः लिही म्हणावं. अर्ज लिहून द्यायला यापुढे मी नाही."

सुनावणीला मी जाणार आहे. काशीबाईला घेऊन जाणार आहे. ती माझ्या बाजूने बोलेल की माझ्याविरुद्ध, मला माहीत नाही. जे बोलेल ते त्यांना ऐकावं लागेल. आया परतल्या की त्यांचीच संस्था नोंदवायची, त्यांच्या नावाने परवानगी मागायची. नियमांचं पुस्तक माझ्याजवळ आहे. यावेळी मी ते त्यांना ओळन् ओळ मराठीत वाचून दाखवणार आहे.

तुमच्या बाबांनी तिकीट काढलं आहे. म्हणतात, आई, या वयात कशाला हा ताप, इकडे ये. त्यांना सांगा, तिकीट रद्द करा. इथे बंदीचा आदेश घेऊन कुणी आलं, तर त्याला एकेक मूल स्वतःच्या हाताने उचलून रस्त्यावर ठेवावं लागेल. मी उचलून देणार नाही.