माशाला खूण करताना

पंचशीला मूळची नायगावची. वडील एस.टी.त मेकॅनिक. पोरीला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत ‘कशावरून?’ विचारायची खोड. लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात संशोधन करायला लागली, तरी ती खोड काही गेली नाही.

तिच्याकडे झेब्रा मासे होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. कुठला मासा कुठला हे कळावं म्हणून त्यांना गुंगी देऊन खूण करतात. कुणी शेपटीच्या पराची कोर कातरतं, कुणी कातडीखाली रंगाचा ठिपका टोचतं. यातलं माशाला जास्त काय जाचतं, हे तिला शोधायचं होतं. सुईच वाईट असणार, असं तिनं मनाशी धरलंच होतं.

खूण केलेले दोन्ही टाक्यांतले मासे तळाशी जाऊन बसले. कल्ले भराभर हलत होते, खायला एकही वर येईना. पण तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या टाकीनं घोळ घातला. त्यातल्या माशांना ना कात्री लागली होती ना सुई. नुसतं जाळीनं काढून, गुंगी देऊन परत सोडलं होतं. तेही तसेच रुसून बसलेले.

तिचे मार्गदर्शक व्यंकटराव सर म्हणाले, पाण्यात काही बिघाड असेल, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

आईचा, पार्वतीबाईंचा, नायगावहून फोन आला. आवाज असा उतरलेला का, म्हणून विचारायला लागली.

“मासे जेवून न्हाई राहिले, माय.”

“मग तू तरी जेव,” पार्वतीबाई म्हणाल्या.

जेवता जेवता पंचशीलाला जाळी आठवली. जाळीत मासा पाण्याबाहेर येतो, तडफडतो. खूण तर त्यानंतरची. मग तिनं नवे मासे घेतले आणि काचेच्या बीकरमध्ये पाण्यासकट अलगद उचलले. गुंगी तीच, कात्री तीच, सुई तीच.

या वेळी खूण न केलेले आणि ठिपकेवाले लवकर वर आले आणि दाणे टिपायला लागले. कातरलेले मात्र बराच वेळ तळाशीच राहिले. म्हणजे सुईबद्दलचा तिचा अंदाज साफ चुकला होता. त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. पण ती टाकीपुढं उकिडवी बसून हसत होती.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मग खुणेच्या आधी पकडण्यावरच लिहावं लागंल तुला. काम वाढलं.”

“वाढू द्या, सर.”

प्रयोगशाळेत आता मासे बीकरनंच उचलतात. आणि पंचशीला नव्या प्रश्नात गुंतली आहे: टाकीपुढं माणूस येऊन उभा राहिला, की माशांना काय होत असेल?