गौरीला मारलेली हाक

आधीच सांगतो, मी या सदराचा वाचक नाही. बायको वाचते आणि मी तिची टिंगल करतो... म्हणजे करायचो. भूत, भानामती, अंगात येणं, सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर असायचं — "पित्त झालं असन." चौकात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मुद्दाम त्याच्यावरून स्कूटर नेणारा मी माणूस. पाटबंधारे खात्यात नोकरी, डोकं पहिल्यापासून गरम, देवाधर्माचं सगळं बायकोकडे सोपवलेलं. त्यामुळे हे मी कोणाला पटवायला लिहीत नाही. घरात आता हा विषय काढता येत नाही आणि पोटात ठेवून मला झोप लागत नाही, एवढंच कारण.

आम्ही हुडकेश्वरला राहतो. मूळचे उमरेडचे, आजोबांपर्यंत घरात माग होता. आमच्या खानदानात गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी उतरलं नसेल. आणि आमच्या पोटी आली गौरी. चालण्याआधी चढायला शिकली. खिडकीचे गज, शेजाऱ्यांचा पेरू, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळीकडे ही वर आणि मी खाली. माझं अर्धं आयुष्य "गौरी, उतर खाली!" असं ओरडण्यात गेलं. ती सांगितल्यावर कधी उतरली नाही. भूक लागली की उतरायची.

कॉलेजात गेल्यावर अंबाझरी तलावावर शिडाची होडी शिकायला लागली. तिथेच तिला पल्लवी भेटली. पल्लवी भिवापूरची, वडील नाहीत, आई सुनंदाताई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे वाळलेल्या मिरच्या निवडायच्या आवारात, देठ खुडायचं काम करते. पोरगी अंगानं काटकुळी, पण हसायला लागली की आमचा हॉल भरून जायचा. माझ्या बायकोच्या, वर्षाच्या हातचं वांग्याचं भरीत तिला फार आवडायचं. दोघींची निवड एका मोठ्या जहाजावर झाली. तरुण पोरापोरींना खरोखरच्या शिडाच्या जहाजावर नेऊन समुद्र शिकवतात, डोलकाठीवर चढवतात, दोर ओढायला लावतात. समुद्र नसलेल्या गावच्या दोन पोरी समुद्रावर निघाल्या म्हणून मोहल्ल्यात आमची कॉलर टाईट होती.

पहिल्या सफरीवरून गौरी एक विचित्र सवय घेऊन आली. वर्षा म्हणाली, "गौरी, दूध बंद कर वं." तर ही ताठ उभी राहून मोठ्यानं, "दूध बंद कर!" आणि गॅस बंद करून पुन्हा, "बंद केलं!" आम्ही हसून बेजार. तिनं समजावून सांगितलं की वर डोलकाठीवर वाऱ्यात शब्द वाहून जातात. म्हणून खालून आलेला हुकूम आधी मोठ्यानं परत म्हणायचा, मगच हलायचं. परत म्हटला नाही तर तो पोचलाच नाही असं धरतात. आणि हुकमाशिवाय वरून खाली यायचं नाही, काहीही होवो.

मी म्हटलं, "घरी तं तुले आजवर एकही हुकूम पोचला नाही."

"घरी वारा जास्त आहे, बाबा," ती म्हणाली.

दुसरी सफर या मे महिन्यात होती, कोचीहून लक्षद्वीपकडे. समुद्रात गेल्यावर मोबाइल लागत नाही, जहाजावर एकच सॅटेलाइट फोन, तोही अडीअडचणीला. पालकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर जहाजाचे ऑफिसवाले इंग्रजीत मेसेज टाकायचे. सुनंदाताई मला फोन करायच्या — "भाऊ, काही आलं का ग्रुपवर? वाचून सांगा." मी वाचून सांगायचो. रोज तेच, सगळे मजेत आहेत.

त्या दिवशी भर दुपारी मी घरामागे कूलरमध्ये पाणी भरत होतो. नागपूरची मेमधली दुपार — गल्लीत कुत्रंही नव्हतं, पानही हलत नव्हतं. मी स्टुलावर उभा, हातात पाइप. डोक्यात काय होतं? काहीच नाही. मोटर किती वेळ चालवायची, एवढंच.

आणि एकदम माझ्या पायाखालचं स्टूल गेलं. म्हणजे गेलं नव्हतं, जागेवरच होतं, नंतर पाहिलं. पण मला खाली काही उरलंच नाही असं झालं. अंगाला जोरदार वारा लागला, गार. कूलर अजून सुरूही केला नव्हता! मी दिसेल ते धरलं, खिडकीचा गज. आणि माझ्या तोंडून, मी ठरवलं नसताना, अख्ख्या जोरानं निघालं —

"गौरी! उतर खाली! आत्ताच्या आत्ता उतर!"

घसा फाटला. पाइप हातातून सुटून पाणी अंगणभर झालं. मग सगळं होतं तसं. ऊन, भिंत, कूलर. मी बावळटासारखा गजाला लोंबकळून उभा.

तेवढ्यात वर्षा पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. चेहऱ्यावर हसू! माझ्याकडे न बघता ती सरळ फाटकाकडे गेली, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं.

"कुठं आहे गौरी?" तिनं विचारलं.

"कोण गौरी? ती तिकडे समुद्रात आहे."

"मजाक काहून करून राहिले? तुम्ही आवाज देला, अन् ते बोलली न! मी सोता आयकलं. 'उतर खाली! उतरून राहिली!' असं बोलली. तिचाच आवाज."

मी ते उत्तर ऐकलं नव्हतं, आजही सांगतो. मी फक्त ओरडलो. ऐकलं ते वर्षानं, स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना. मी नेहमीचं म्हटलं, पित्त झालं असन, ऊन लागलं असन. दोघं घरात येऊन बसलो. जेवण कोणालाच गेलं नाही.

दुपार कलता कलता ग्रुपवर मेसेज आला. जहाजावर अपघात झाला आहे. काही मुलं जखमी आहेत, एक मुलगी समुद्रात पडली असून सापडलेली नाही, शोध सुरू आहे, कृपया ऑफिसला फोन करू नये.

कृपया फोन करू नये! सगळ्या पालकांनी एकदमच केला असणार, लाइन लागेचना. मी लावत राहिलो. बोट दुखेपर्यंत लावला. एकदाचा कोणीतरी उचलला, मी गौरीचं नाव सांगितलं, तर तो माणूस म्हणे, नक्की कळल्याशिवाय नाव सांगता येत नाही. मी त्याला शिव्या दिल्या, मग हात जोडले. फोनवर हात जोडलेले कोणाला दिसतात? शेवटी तो एवढंच म्हणाला, "नागपूर साइड की लडकी है, सर." आणि ठेवला.

नागपूरकडच्या दोनच होत्या.

वर्षा जमिनीवर बसली. म्हणाली, "ते भेटून गेली, अहो. दुपारी ते भेटाले आली होती." मी तिच्यावर इतक्या जोरानं ओरडलो की शेजारच्या काकू दारात आल्या. पण खरं सांगू? माझ्याही मनात तेच आलं होतं. जाणारा माणूस आपल्या माणसाला आवाज देऊन जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. जन्मभर ज्याला हसलो तेच आता गळ्याशी आलं होतं.

सुनंदाताईंना अपघाताचं मीच कळवलं. नागपूरकडची आहे, हे सांगायची हिंमत झाली नाही. त्या मिळेल त्या गाडीनं निघाल्या आणि दिवे लागायच्या सुमाराला आमच्या दारात उभ्या राहिल्या. सातऱ्यावरून तशाच निघालेल्या. मिरचीचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत, म्हणून त्या डोळे दंडाला पुसत होत्या. वर्षानं साबण दिला, हात धुवायला लावले, तरी नंतरही त्या दंडालाच पुसत राहिल्या.

आत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो, मधे टीपॉयवर माझा फोन. अशी बसायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. कारण तिघांनाही माहीत होतं की एकीची पोरगी असेल तर दुसरीची नाही. वर्षा त्यांचा हात धरून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती. मी उठलो, आत देवाच्या फळीसमोर गेलो. ज्या देवाला मी कधी उदबत्ती लावली नाही, त्याच्यापुढे उभा राहून म्हणालो, देवा, पल्लवी असू दे. नाव घेऊन म्हणालो. आमच्या घरी भरीत खाणारी, मला काका म्हणणारी पोरगी, आणि तिची आई भिंतीपलीकडे बसलेली.

बाहेर फोन वाजला. मी पोचायच्या आत वर्षानं उचलला, घाईत स्पीकर लागला. खरखर, खरखर, आणि मग —

"बाबा..."

गौरी होती. वर्षा किंचाळून रडायला लागली. आणि सुनंदाताईंनी तो एक शब्द ऐकला आणि त्यांना कळलं. तरी त्याच म्हणाल्या, "बोला न भाऊ. पोरीशी बोला. घाबरली असन ते."

पल्लवी सापडली नाही. शोध घेणाऱ्यांनी बरेच दिवस शोधलं, मग थांबवलं.

गौरी घरी आली ती वेगळीच. वर बघत नव्हती. गच्चीवर कपडे वाळत घालायलासुद्धा जाईना. पुष्कळ दिवस आम्ही काही विचारलं नाही. मग एका सकाळी वर्षा भाजी निवडत होती, मी पेपर वाचत होतो, आणि गौरी आपणहून बोलायला लागली.

दोघी डोलकाठीवर, आडव्या काठीवर शेजारीशेजारी उभ्या होत्या. शीड गुंडाळायचं काम चालू होतं. वारा वाढला होता, पण भिण्यासारखं काही नव्हतं. कमरेचे पट्टे अडकवलेले. तेवढ्यात हुकूम आला, "गौरी! उतर खाली! आत्ताच्या आत्ता उतर!"

माझ्या हातातला पेपर खाली पडला. त्या दुपारचं आम्ही तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"मी शिकवलं तसं केलं, बाबा. 'उतर खाली!' परत म्हटलं. 'उतरून राहिली!' म्हटलं. खाली डेकवरच्या पोरांनीबी आयकलं मले. मी पट्टा काढून निघाली. खाली गेली तं आमचा अधिकारी माह्यावर ओरडला, तुले कोणी बोलावलं म्हणे. कोणीच नव्हतं बोलावलं. तिथं मराठी येणारंच कोणी नाही, बाबा. हुकूम मराठीत होता हे मले डेकवर पाय टेकल्यावर कळलं."

ती त्या अधिकाऱ्याशी बोलत होती तोवर वर काठीचा दोर तुटला होता, काठी एका बाजूनं खाली आली होती. पल्लवीचा पट्टा त्याच तुटल्या टोकाला अडकवलेला होता.

वर्षानं तेवढ्यात विचारलं, "तिनं नाही आयकला का वं आवाज?"

गौरीनं खाली पडलेला पेपर उचलून त्याची घडी घातली. "आयकला न," ती म्हणाली. "मी तिले म्हटलं, चल, बोलावून राहिले. तं ते म्हणाली, तुह्यं नाव घेतलं, माह्यं नाही घेतलं. तू जा."

कारण तो तिथला कायदा होता. हुकूम नाव न घेता आला तर वरचे सगळे उतरतात. नाव घेऊन आला तर ज्याचं नाव घेतलं तो एकटाच उतरतो, बाकीचे काम सोडत नाहीत. पल्लवी शहाणी पोरगी होती, शिकवलेलं पाळणारी. माझ्या तोंडून नुसतं "उतर खाली" निघालं असतं, तर दोघी उतरल्या असत्या.

पण मी बाप आहे. मला दुसरं नाव कसं सुचणार? आणि मी कुठं ठरवून ओरडलो होतो? हे मी स्वतःला रोज सांगतो. ते खरं आहे, पण त्याचा उपयोग काहीच होत नाही.

हुडकेश्वरच्या अंगणातली हाक अरबी समुद्रात कशी गेली, तिचं उत्तर पोळ्या लाटणाऱ्या बाईला कसं ऐकू आलं, मला माहीत नाही. ऑफिसातल्या एका शिकलेल्या मित्राला सांगितलं, तो म्हणाला योगायोग. मी त्याला म्हटलं, मराठीत? शब्दाला शब्द? तो चहा पिऊन निघून गेला. माझ्याकडेही याहून बरं काही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं भिवापूरला गेलो. गौरीचा हट्ट होता की सुनंदाताईंना सगळं खरं सांगायचं, नावाचं सुद्धा. मी नको म्हणत होतो. ती ऐकेल तर गौरी कसली? सातऱ्याच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे सावलीला बसून तिनं सगळं सांगितलं. मी मान खाली घालून उभा होतो. वाटलं, आता या बाईनं मला चप्पल मारली तरी कमी आहे.

सुनंदाताई उठल्या. माझ्यासमोर आल्या. रागाचं काही नव्हतं चेहऱ्यावर, तेच जास्त वाईट होतं.

"भाऊ, तुमचा आवाज जाते तिथवर," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीले आवाज द्या न एक डाव. नाव घेऊन."

मी वर्षाकडे पाहिलं. ती रडत होती. कामावरच्या बायका हात थांबवून आमच्याकडे बघत होत्या. मी छाती भरून श्वास घेतला, मिरचीचा ठसका लागला, तरी ओरडलो. "पल्लवी! उतर खाली, बाई! पल्लवी!"

सुनंदाताई कानामागे हात धरून उभ्या राहिल्या. सगळे थांबलो. कुठूनच काही आलं नाही.

"वारा जास्त असन तिकडे," त्या म्हणाल्या. "अजून जरा जोरानं, भाऊ."

मी अजून जोरानं हाक मारली.