तळटीप: जळगाव, सोबत वडील

मी मुळातच भित्री. एसटीत कंडक्टर तिकीट तपासायला आला की तिकीट हातात असूनही मी पिशवी चाचपायला लागते. त्यामुळं धुळ्याला एम.फिल.च्या तोंडी परीक्षेच्या दिवशी माझी काय गत झाली असेल, ते विचारूच नका.

विषय होता मोहाची फुलं वेचणाऱ्या सातपुड्याकडच्या बायका. गावोगाव फिरून मुलाखती घेतल्या होत्या. आमच्या मार्गदर्शक सरांचा एक नियम होता. मुलाखत कुठंही घ्या, तळटीपेत दिवस, गाव आणि सोबत कोण होतं ते लिहा. ‘उद्या कोणी विचारलं तर माणूस उभा करता आला पाहिजे,’ असं ते दटावून सांगत. त्यांच्या धाकाला कारणही होतं. आधीच्या वर्षी एकाचा प्रबंध मनानं रचलेल्या मुलाखतींपायी नापास झाला होता, आणि तो मुलगा पुन्हा कॉलेजच्या रस्त्याला दिसला नाही.

त्या वर्षांत जळगावला नवाच सायबर कॅफे निघाला होता. मोहाबद्दल परदेशात झालेल्या अभ्यासाविषयी इंटरनेटवर काहीतरी आहे, असं कळलं. एकटीनं जायची छाती नव्हती, म्हणून दोंडाईचाहून आबांना, म्हणजे वडिलांना घेऊन गाडीनं गेले. आबा टोपी मांडीवर ठेवून शेजारी स्टुलावर बसले. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पडद्यावर जे येईल ते मी त्यांना अहिराणीत सांगत होते आणि घाईघाईनं कागदावर उतरवत होते. चित्राच्या जागी नुसता रिकामा चौकोन होता. चित्र उतरायच्या आत वीज गेली, आणि छापील प्रत काढायची राहिली ती राहिलीच.

इंटरनेटवरच्या मजकुराचा दाखला कसा द्यायचा, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तक असतं तर लेखक, पान, साल लिहिलं असतं. सरांनी संगणकाचा पडदाही कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, ‘मुलाखतीसारखंच लिहा.’ मी लिहिलं. पानाचा इंग्रजी पत्ता, पाहिल्याचा दिवस, जळगाव, सायबर कॅफे, सोबत वडील.

बाहेरगावचे परीक्षक नेमके त्याच तळटीपेवर थांबले.

“काय हो, हा दाखला आहे की लग्नाची पत्रिका?” सगळे हसले. मीही हसले, भीतीनं. मग त्यांनी कॉलेजच्या संगणकावर ते पान उघडायला सांगितलं. इंटरनेटसाठी जोडलेली फोनची लाइन बराच वेळ किरकिरली, मग पडद्यावर आलं की असं पानच नाही. पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा तेच.

परीक्षकांचं हसू गेलं. “म्हणजे हा उतारा आला कुठून?”

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या उताऱ्यावर उभं होतं. सरांकडं पाहिलं तर ते टेबलाकडं पाहत होते. मला तो रस्त्याला न दिसणारा मुलगा दिसायला लागला. आता गावात काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“सोबत वडील लिहिलंय,” परीक्षक म्हणाले. “कुठं आहेत?”

आबा बाहेर व्हरांड्यात बसले होते. त्यांना आत बोलावलं. मी मनात म्हटलं, मेले. त्यांना काय सांगता येणार?

“आबा, जळगावला संगणकावर तुम्ही काय पाहिलं?” परीक्षकांनी विचारलं.

आबांनी टोपी नीट केली. “साहेब, माले वाचता येत नही. पन मोहनं झाड व्हतं. खाले फुलं पडेल व्हतात, एक बाई वाकीसन फुलं येची राहिंथी. तिनी पाठवर लेकरू बांधेल व्हतं.”

परीक्षकांनी माझ्या हातानं लिहिलेला कागद मागून घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, पाठीवर लेकरू बांधलेल्या बाईच्या ओळीवर बोट ठेवलं, आबांकडं पाहिलं आणि सही केली.

परतीच्या एसटीत आनंद व्हायला हवा होता, पण मला नवीच भीती लागली. आबांना खोटं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. चित्र तर उघडलंच नव्हतं, मग त्यांना दिसलं कुठून? माझ्यापायी ते खोटं बोलले की काय? वाटेत नरडाणा आलं. मग हळूच विचारलं, “आबा, चित्र ते उघडनंच नव्हतं. तुम्हले कथाईन दिखनं?”

आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा, अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडं वळले.

“तू वाचीसन सांगेल व्हतं ना माले,” ते म्हणाले. “तवयच दिखनं.”