पाण्याचा हुकूम

आपटेकरसाहेबांची नि माझी पहिली भेट पनवेलजवळच्या आमच्या कारखान्यात झाली. रॉकेटमध्ये इंधन जाळण्यासाठी लागणारे जहाल नायट्रिक आम्ल ज्या व्हॉल्व्हमधून जायचे, त्यांची चाचणी साहेबांकडे होती. व्हॉल्व्हमधली अ‍ॅल्युमिनियमची एक चकती माझ्या हाती देऊन त्यांनी विचारले, "काय दिसतं?"

"चकचकीत आहे," मी म्हटले.

"कडेला ओरखडा आहे. चष्मा बदला." मला तेव्हा चष्माच नव्हता!

साहेब विलक्षण काटेकोर. शनिवारी ज्यू धर्माप्रमाणे शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळत; कामाला हात लावत नसत. मात्र रविवारी सुट्टी असूनही कारखान्यात हजर, आणि कामाच्या नादात जेवणाचा डबा संध्याकाळपर्यंत तसाच. बंद व्हॉल्व्हमधून गळलेला थेंब कुणाच्या तरी हातावर पडतो, हे ते प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

एकदा चाचणीत एक व्हॉल्व्ह गळला. चकती जिथे घट्ट टेकते ती कड खरबरीत झाली होती. साफसफाई करणाऱ्या धर्मा पाटलाने ती घासून बिघडवली, असे वरिष्ठांनी ठरवले आणि त्याला कामावरून काढायचे घाटू लागले. धर्मा आपटेकरसाहेबांपुढे रडकुंडीला आला. "सायेब, मी घासला नाय. तुमी सांगितला तसा जरासा पानी मारला."

शुक्रवारी दुपारी साहेबांनी एक चकती निव्वळ जहाल आम्लात ठेवली, दुसरी पाणी मिसळलेल्या आम्लात. रविवारी आम्हाला बोलावून दोन्ही दाखवल्या. पहिली जशीच्या तशी. दुसरीवर खड्डेच खड्डे. जहाल आम्लात या धातूवर पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याला राखतो. थोडे पाणी पडले की आम्ल सौम्य होते, पापुद्रा टिकत नाही, आणि फटीत उरलेले आम्ल धातू खात बसते. धुवायचे तर भरपूर पाण्याने, आणि लगेच गरम हवेने कोरडे करायचे.

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी दोन्ही चकत्या टेबलावर ठेवल्या. "पाण्याचा हुकूम माझा होता. काढायचं तर मला काढा."

धर्मा राहिला. साहेबांची ठरलेली बढती मात्र दुसऱ्याला गेली. त्याचा मला आजही राग येतो. त्यांना तेव्हाही आला नाही.

साहेबांच्या साठीनिमित्त त्यांना निरोगी, उदंड आयुष्य चिंतून मी हा लेख इथेच संपवला होता. धर्मा आता आमचा मुकादम आहे. त्याला तो वाचून दाखवला. डोळे पुसत तो म्हणाला, "आजून सायेबांना येवढा लिवा: सायेब, माजी भाकर तुमी राखली. आता सोताची तरी येलेवर खा."