चाळीस रिझर्व्ह आणि माझी सही

रांजणगावच्या एका कारखान्यानं माझी खोटी सही केली. मला फसवलं, आणि माझ्या सहीआडून फौजेला फसवायला निघाला होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण वकिलानं शपथ घातली आहे. बाकी सगळं लिहितो.

मी भांडगावचा. शाळा अर्धी सोडून भरती झालो आणि बावीस वर्षं फौजेत पॅराशूट पॅक केली. निवृत्तीनंतर हा कारखाना मला तपासणीला बोलवायचा. फौजेची वापरलेली पॅराशूट तिथं दुरुस्त होऊन पुन्हा पॅक होत.

लोक विचारतात, युद्धात पॅराशूट कशाला? पुढं पूल आहे, तो शत्रूच्या ताब्यात आहे, रस्त्यात सुरुंग आहेत. तेव्हा पॅराट्रूपर वरून उतरतात, पूल धरतात आणि मागचं सैन्य पोचेपर्यंत सोडत नाहीत. विमान मुद्दाम खालून उडतं, म्हणजे जवान हवेत कमी वेळ लटकतो आणि गोळ्या कमी खातो. त्याच्या पॅराशूटची दोरी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, उडी घेतली की ते आपोआप उघडतं. नाही उघडलं तर छातीवर छोटं असतं, त्याला रिझर्व्ह म्हणतात. ते हातानं ओढायचं. विचार करायला चार-पाच सेकंद.

रिझर्व्ह ओढायची वेळ बहुतेकांवर येतच नाही. म्हणून त्यात फसवणं सोपं.

आमच्या पॅकिंग शेडचा एक रिवाज होता. पॅक करणाऱ्यानं कार्डावर सही करायची, आणि ऑफिसर कधीही बोट दाखवायचा, ‘हे तूच घाल, चल विमानात.’ माझ्यावर दोनदा बोट आलं. तेव्हापासून उद्या मलाच घालायचंय असं धरून मी सही करतो.

त्या महिन्यात सीमेवर ताण होता. चाळीस रिझर्व्ह तातडीनं हवी होती. मी स्टोअरमध्ये शिरलो आणि घशात खवखवलं. मागच्या रॅकला लागून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या.

“या इथं कशा?” मी स्टोअरकीपर रशीदभाईंना विचारलं. ते शिरूरचे, वयानं माझ्याएवढेच.

“आप्पा, बॅटऱ्या गरम व्हत्यात म्हनून सायेबांनी एशीच्या खोलीत ठेवायला लावल्या. म्या म्हनलं, कापडाचं काय? तर म्हनले, कापडाला काय उकडतं व्हय?”

पॅराशूट नायलॉनचं असतं. बॅटरीतल्या ॲसिडची वाफ नायलॉन खाते, डोळ्याला काही दिसत नाही. मी मागच्या रॅकवरचं एक उघडून दोन्ही हातांनी ताणलं. पापडासारखं गेलं. रॅकवरचे सगळे नंबर डायरीत उतरवले आणि चाळीसही पॅकना लाल टॅग लावले. मग कात्री मागितली. फौजेत रिजेक्ट म्हणजे दोऱ्या जागेवर कापायच्या, म्हणजे कुणाचा मोह राहत नाही.

मॅनेजर धावत आले. “आप्पा, कात्री नाही. कस्टमरची प्रॉपर्टी आहे. एक फाटलं म्हणून चाळीस?”

“कुठलं किती खाल्लंय ते तुम्हाला दिसतं का? मलाही दिसत नाही.”

“तुम्ही रिटायर्ड माणसं फार घाबरवता. आणि रिझर्व्ह उघडतंय कोण?”

माझं डोकं फिरलं. कात्री त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत मी एकटाच शिव्या देत गाडी चालवत होतो. चाळीस पॅकच्या दोऱ्या न कापता मी निघालो, ही चूक माझी.

चौथ्या दिवशी सकाळी रशीदभाईंचा फोन आला. आवाज दबलेला. “आप्पा, फौजेचा ट्रक लागलाय. लाल टॅग न्हाईत. कार्डावर तुमची सही हाय, कालच्या तारखेची.”

“काल तर मी दौंडला दवाखान्यात होतो.”

“म्हनून तर फोन केला.”

मी पोचलो तेव्हा फौजेचे इन्स्पेक्टर कागद बघत होते. हरयाणाचे सुभेदार, मिशी पांढरी. मी सांगितलं, सही माझी नाही. मॅनेजर हसले. “साहेब, यांचा आमच्यावर राग आहे.”

सुभेदारांनी मला विचारलं, “कितने खोलने हैं?”

“एकही नाही,” मॅनेजर म्हणाले. “पुन्हा पॅक करायला दिवस जाईल.”

मी म्हटलं, “दहा.”

“एक. आणि ते मी निवडणार.”

“दोन. एक तुमच्या पसंतीचं, एक माझ्या.”

मॅनेजरांनी सुभेदारांकडं बघितलं आणि मान हलवली. मला दोनच हवी होती.

मॅनेजरांनी ट्रकमधून आधी दाराजवळच्या रॅकवर असलेलं एक निवडलं. सुभेदारांनी सगळीकडून ताणलं. धागा हलला नाही. मॅनेजर म्हणाले, “झालं समाधान, आप्पा?”

मी डायरी काढली आणि मागच्या रॅकवरचा एक नंबर वाचला. रशीदभाईंनी ट्रकमधून तो पॅक शोधून आणला. सुभेदारांनी फार जोरही लावला नाही. चर्र आवाज झाला आणि हात आरपार गेला. त्यांनी फाटलेल्या कापडातून मॅनेजरांकडं बघितलं आणि मला म्हणाले, “कैंची मँगवाओ.”

चाळीसच्या चाळीस मी कापली. दुपार झाली, बोटाला फोड आले, पण हात थांबवला नाही.

पुढं काय झालं? रशीदभाईंना आतली माहिती बाहेर दिली म्हणून काढलं. ते आता माझ्याबरोबर दुसरीकडं तपासणीचं काम करतात. मॅनेजर दुसऱ्या प्लांटला गेले, वरच्या खुर्चीवर. मला पत्र आलं की सहीचा प्रकार क्लेरिकल मिस्टेक होता. म्हणजे माझ्या आडनावाखालची रेघसुद्धा क्लार्कच्या हातून चुकून जशीच्या तशी चाळीस वेळा ओढली गेली.

मी शिकलो ते एवढंच: आधी कापावं, मग रागवावं.

पण हिशेब तिथं मिटत नाही. ती सही कुणी केली, त्यानं नाव सांगावं. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. आमच्या शेडच्या रिवाजानं मी त्याच्याकडं बोट दाखवतोय. ज्यानं सही केली, त्यानं त्यातलं एक छातीला बांधून माझ्यासमोर उभं राहावं. विमानाचं मी बघतो.