नाव घालायचं मशीन घेऊन मानेसरला

या ब्लॉगवर आजवर स्पिती आलं, मुन्सियारी आलं, एकदा चुकून सोनीपतही आलं. मानेसर येईल असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मयूर विहारहून जेमतेम साठ किलोमीटर. बघण्यासारखं काय, तर कारखाने. पण गेल्या दहा वर्षांत इतक्या धास्तीने मी कुठेच गेले नव्हते, म्हणून लिहिते आहे.

शुक्रवारी सुनीलरावांचा फोन आला. सुनीलराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, वैशालीचे यजमान. मानेसरला सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी बघतात. फोन बघून मी दचकलेच, कारण वैशाली आणि मी नऊ महिने एकमेकींशी बोलत नव्हतो.

"ताई, ते भांड्यांवर नाव घालायचं मशीन चालू आहे ना तुमच्याकडे?"

तासगावात आमच्या बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. तिथलं ते मशीन: जाड पेनासारखं, टरटर आवाज करणारं. दिल्लीत मराठी मंडळातल्या बायकांच्या डब्यांवर मीच नावं घालून देते. आमच्या घराण्यात भांड्यांवर नावं घालतात आणि माणसांना नावं ठेवतात, दोन्ही मन लावून.

सुनीलरावांची अडचण अशी. त्यांचा कारखाना ट्रॅक्टरच्या केबिनच्या दाराची बिजागरी बनवतो. बिजागऱ्या कॅनडाला जातात, तिथे दाराला बसतात आणि दारं शेजारी अमेरिकेत जातात. वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नाही. मग अमेरिकेने शेजाऱ्याच्या पोलादावर कर लावला, कॅनडाने रागाने उलटा कर लावला, आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने फर्मान काढलं की नमुन्याच्या चाळीस बिजागऱ्यांवर लिहून पाहिजे: पोलाद कुठे वितळलं, कुठे ओतलं, माल कुणाकडून कुणाला. तेही कायमचं, पुसलं न जाणारं. कारखान्यातलं लेझर मशीन बंद पडलेलं. त्याचा सुटा भाग बंदरात अडकलेला, कारण त्याच्यावर कर किती यावर वाद चालू.

"उद्या संध्याकाळी कॅनडाचं आणि अमेरिकेचं, दोन्ही गिऱ्हाइकं व्हिडिओवर बघणार आहेत. नमुने नापास झाले तर आमची लाइन बंद, ताई. मग सांगलीला परत."

सांगलीला परत. हे दोन शब्द मी रात्रभर चघळत बसले. वैशाली गेली तर या एवढ्या मोठ्या शहरात मला 'अगं' म्हणणारं कुणी उरणार नाही. आणि ती न बोलताच जाईल, कारण ती माझीच बहीण आहे.

भांडणाचं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. गणपतीत तिने मला डबाभर लाडू दिले. मी ट्रेकच्या घाईत डबा धुऊन रिकामाच परत पाठवला. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. तिने पुढच्याच आठवड्यात माझ्या नावाची तिच्याकडची सगळी भांडी घासूनपुसून, रिकामी, पोत्यात भरून पाठवली. मी दिवाळीत चकली बंद केली. तिने संक्रांतीला तिळगूळ अडवला. पेपरात अमेरिका-कॅनडाच्या बातम्या वाचताना मला दोन्ही बाजू अगदी आतून समजत होत्या.

शनिवारी सकाळी साडेसातला निघाले. जाणाऱ्यांसाठी मार्ग: मयूर विहार फेज-वनहून मेट्रोच्या पिंक लाइनने आयएनए, तिथून यलो लाइनने थेट शेवटचं स्टेशन, मिलेनियम सिटी सेंटर. दीड तास धरून चला. पिशवीत नाव घालायचं मशीन असेल तर दोन तास धरा.

मयूर विहारच्या स्टेशनातच एक्स-रेवर पिशवी अडली. जवानाने मशीन दोन बोटांत धरून वर उचललं. "मैडम, ये क्या है? ड्रिल?"

"बर्तन पे नाम लिखने की मशीन है."

"कहाँ ले जा रही हैं?"

"मानेसर. बिजागरी पे कनाडा लिखना है."

हे वाक्य माझ्याच कानांना संशयास्पद वाटलं. मी पुटपुटले, "अगं बाई, काय बोलून बसले!" तशी त्याने मान वर केली.

"कुठल्या तुम्ही?"

"तासगाव."

"मी जतचा." मग मशीनकडे त्याने जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "आमच्या आईच्या सगळ्या ताटांवर असली अक्षरं आहेत. बॅरेकमध्ये माझा डबा तीनदा बदलला गेला. नाव घातलेलं नव्हतं ना." साहेबांना विचारून त्याने मला सोडलं आणि मी उद्या दुपारी परतणार हे कळल्यावर मागून ओरडला, "येताना थांबा, ड्युटी संपल्यावर डबा घेऊन उभा राहतो!"

शेवटच्या स्टेशनवरून ऑटोने गुडगावचा राजीव चौक गाठायचा (दिल्लीतला नव्हे, या घोळात माझी एक मैत्रीण कनॉट प्लेसला जाऊन बसली होती). पुढे मानेसरला शेअर ऑटो, माणशी पन्नास रुपये आणि मांडीवर दुसऱ्याची बॅग. समोर कारखान्यातले दोघं कामगार होते.

"कनाडा और अमेरिका तो भाई-भाई थे ना?" एकाने विचारलं.

"भाई थे, तभी तो," दुसरा म्हणाला आणि झोपला.

मानेसरच्या नाक्यावर साठ रुपयांत छोले-कुलचे खाल्ले. उत्तम होते. खरं तर भूक नव्हती, बहिणीच्या दारात जायला आणखी दहा मिनिटं उशीर करायचा होता.

वैशालीने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, तुमचं मशीन आलंय."

बाहेरच्या माणसाला कारखान्याचा गेटपास सोमवारशिवाय मिळत नव्हता, म्हणून चाळीस बिजागऱ्या घरीच आणलेल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर तळहाताएवढं पोलाद ओळीने मांडलेलं. सुनीलरावांनी मजकूर लिहून दिला, सगळा इंग्रजीत: मेल्टेड इंडिया, पोअर्ड इंडिया, फ्रॉम कॅनडा, टू यूएसए. मी बसले. टरटर सुरू झालं.

चहा आला. तीन फुटांच्या टेबलावर आमचा सगळा व्यवहार सुनीलरावांमार्फत चालला होता.

"सुनीलराव, तिला सांगा, साखर कमी आहे."

"अहो, सांगा त्यांना, डबा समोर आहे. आणि तो रिकामा नाहीये."

सुनीलराव बिचारे दोघींकडे बघून नुसती मान हलवत होते. कंपनीने त्यांना एवढं कधी दमवलं नसेल.

इंग्रजी अक्षरांची माझ्या हाताला सवय नाही. पंचविसाव्या बिजागरीपर्यंत मनगट भरून आलं. लक्ष अर्धं स्वयंपाकघराकडे. तिथे वैशाली भांडी जरुरीपेक्षा जोरात ठेवत होती आणि मी मनात तिच्याशी बोलायची वाक्यं जुळवत होते. हात आपला चालला होता. चाळिसावी संपवून मी मशीन बंद केलं, तेव्हा साडेसहा वाजले होते. वैशाली टेबल आवरायला आली, एक बिजागरी उचलली, उजेडात धरली आणि वाचता वाचता थांबली.

"ताई, हे काय लिहिलंयस?"

नऊ महिन्यांनी. मी बिजागरीकडे न बघता तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

"कॅनडाकडून अमेरिकेस सप्रेम भेट," तिने मोठ्याने वाचलं.

शेवटच्या अकरा बिजागऱ्यांवर, मेल्टेड-पोअर्ड झाल्यावर, खाली हेच होतं. मराठीत, बाबांच्या वळणाच्या अक्षरात. 'अमक्याकडून तमक्यास' एवढं डोक्यात आलं की पुढचं माझा हात आपोआप लिहितो. लग्नाची हजारो भांडी लिहिलेला हात आहे तो. वैशाली खुर्चीत बसली आणि हसायला लागली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. सुनीलराव एकटे उभे होते, पांढरेफटक. जास्तीच्या बिजागऱ्या नव्हत्या आणि अक्षरं कायमची होती, फर्मानानुसार.

पावणेसातला कारखान्याचे मॅनेजर यादवजी आले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "मैडम जी, ये तो शादी का गिफ्ट बना दिया आपने."

सात वाजता व्हिडिओ लागला. एका चौकोनात कॅनडाच्या बाई, दुसऱ्यात अमेरिकेचे साहेब. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, जे काही असेल ते सुनीलरावांना सांगत होते. बिचाऱ्यांच्या नशिबीच ते होतं. एकोणतीस बिजागऱ्या सुरळीत गेल्या. तिसाव्या बिजागरीला साहेबांनी विचारलं, हे खाली काय आहे?

सुनीलरावांनी घाम पुसत भाषांतर केलं. मग बाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. मीच वाचलं, मराठीत, सावकाश. बाई ओठ हलवत माझ्यामागून म्हणायला लागल्या, "सप्रेम बेट."

"भेट म्हणजे माल फुकट आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नो सर!" सुनीलराव ओरडलेच. "लव्ह इज फ्री. हिंज इज चार्जेबल."

साहेब नियमाची पानं चाळत बसले. आम्ही चौघं आणि यादवजींच्या हातातली तिसरी चहाची कपबशी, सगळे जागच्या जागी. शेवटी ते म्हणाले, मजकूर कायमचा आणि वाचता येण्याजोगा हवा, एवढंच लिहिलंय. भाषेचा उल्लेख नाही. पण हे वाचता कुणाला येतंय?

"मला येतं आता," कॅनडाच्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या साहेबांशी थेट बोलल्या त्या एवढंच.

नमुने पास झाले. कर जिथल्या तिथे आहे, एका पैशाने कमी झालेला नाही. लाइन पुढच्या मालापर्यंत चालू, त्यापुढचं यादवजींनाही ठाऊक नाही. पण सांगलीची तिकिटं निघालेली नाहीत.

रविवारी दुपारी परत निघाले. वैशालीने जड डबा पिशवीत घातला. मयूर विहारच्या स्टेशनात जतचा जवान सांगितल्याप्रमाणे डबा घेऊन उभा होता. बाहेरच्या चहाच्या टपरीवर प्लग मिळाला, त्याचं नाव घातलं. त्याने मला चहा पाजला.

घरी येऊन पिशवी उपसली. डबा तोच होता, गणपतीतला, मी रिकामा पाठवलेला. आत बेसनाचे लाडू. झाकणावर बाबांच्या हातचं 'चि. वैशाली', आणि त्याखाली ताजी, वेडीवाकडी अक्षरं. सकाळी मी आंघोळीला गेले असताना तिने मशीन चालवलं असणार. बाबा तिला हात लावू द्यायचे नाहीत, अक्षर खराब म्हणून.

'ताईस सप्रेम. रिकामा आणू नये.'

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. आठवड्यात लाडू संपले. डबा धुऊन पालथा घातला आहे आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, गॅसवर चकलीची भाजणी भाजते आहे. थोडी करपली आहे. तरी त्याच भाजणीच्या चकल्या भरून नेणार आहे.