बसून पाहणाऱ्यांचं कराटे

शाळेचा दुसरा मजला चढताना माझ्या दहा वर्षांच्या मुलीला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, "पुड्यातलं खाणं बंद करा आणि हिला पळू द्या." पळायला आमच्या सेलूत जागा होती, पण नुसतं पळण्यात आम्हाला काही शान दिसेना. म्हणून मंगल कार्यालयाच्या मैदानावरच्या कराटेच्या क्लासला तिचं नाव घातलं. पहिल्या क्लासच्या आधीच पांढऱ्या ड्रेसमधला तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला.

पालमहून बहिणीचा फोन आला. "पोरीला लाथा मारायला शिकवायलास व्हय? उद्या लग्न कोण करंल हिच्याशी?" पोरीच्या धापेबद्दल तिनं दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

पहिला महिनाभर सरांनी लाथ शिकवलीच नाही. पळणं, बैठका, दोरीवरच्या उड्या, एका पायावर उभं राहणं. आम्ही पालक खुर्च्यांवर चहा पीत बसायचो आणि तिथूनच ओरडायचो, "गुडघा वर घे, गुडघा." आमच्यातले औषधाच्या दुकानाचे मालक तर सरांना रोज विचारायचे, "फाईट कधी शिकवणार? नुसतं पळवायलेत लेकरायला."

चौथ्या महिन्यात मुलगी न थांबता दहा फेऱ्या मारू लागली. पाठ ताठ झाली, भूक वाढली, झोप गाढ लागू लागली. मी हे सगळं माझंच कर्तृत्व असल्यासारखं ऑफिसात सांगत होतो.

मग एका रविवारी सकाळी सर म्हणाले, "आज पालकांनी मैदानात यायचं. लेकरं खुर्च्यांवर बसतील."

दुसऱ्या फेरीत औषधवाल्यांना फोन आला. तो कानाला लावून ते फाटकाबाहेर गेले ते गेलेच. तिसऱ्या फेरीत मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मुलगी खुर्चीवरून उठून आली.

"बाबा, तोंड मिटा. नाकानं श्वास घ्या."

मी तोंड मिटलं. बायको नंतर म्हणाली की, चार महिन्यांत ते पहिल्यांदाच मिटलं होतं.

पुढच्या आठवड्यात सहा पालकांनी आपली लेकरं क्लासमधून काढली. कारण एकच, "लेकरू वाळून चाललंय." लेकरं चांगली टवटवीत होती, सुकलेले चेहरे त्या रविवारपासून आमचेच होते.

आता सकाळी मीही मैदानावर जातो. चार फेऱ्या होतात. पाचवीला मुलगी मागून येते आणि बाजूनं पुढं निघून जाते.